सांगाड्याचं शेवटचं हाड

मी शाळेतला सांगाडा बोलतोय. घाबरू नका, प्लास्टिकचा आहे. माझ्यासाठी कोणी मेलेलं नाही. प्रयोगशाळेत कपाटाशेजारी डोक्यातल्या आकड्याला लटकलेला असतो.

कारखान्यातल्या एका बाईने माझी हाडं मोजली, तारेत ओवली आणि मला खोक्यात कोंबलं. माझी कर्तीकरविती तीच. माणसं मात्र आपण कुठून आलो यावर तावातावाने भांडतात.

आमचे विज्ञानाचे सर म्हणतात, माणूस हळूहळू बदलत झाला. शाळेचे अध्यक्ष म्हणतात, कोणीतरी डोकं लावून घडवला. शेवटी अध्यक्षांनी फर्मावलं, "शनिवारी मुलांसमोर पुरावा दाखवा. नाहीतर तो माणूस बदलत झाल्याचा धडा बंद."

शुक्रवारी साफसफाईच्या मावशी मला पुसत होत्या. फडका अडकला, तार तुटली आणि कण्याचं शेवटचं टोक, माकडहाड, त्यांच्या हातात आलं. पंधरा दिवसांपूर्वीच त्यांच्याकडून काचेचं भांडं फुटलं होतं. "आता काही मोडलंत तर घरी बसायचं," असं अध्यक्षांनी बजावलेलं. मावशींनी हाड मुकाट्याने अंगातल्या कामाच्या कोटाच्या खिशात टाकलं.

शनिवारी सरांनी मला पाठमोरं केलं. "हा बघा, आपल्या शेपटीचा उरलेला..." बोट हवेतच राहिलं.

"कुठाय?" अध्यक्ष म्हणाले. "घडवणाऱ्याने बिनकामाचं काही ठेवलेलंच नाही."

मुलं हसली. सरांचे कान लाल झाले. धडा गेल्यात जमा होता.

मावशी दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि हाड टेबलावर ठेवलं.

"माझ्याकडून तुटलं. आणि बिनकामाचं कसं हो, साहेब? मागे जिन्यात याच्यावरच आपटले. तीन महिने धड बसता आलं नाही मला."

"म्हणजे काम आहे. म्हणजे घडवलेलंच," अध्यक्ष खुलले.

"अहो, पण शेपूट होती म्हणून ते तिथे आहे," सर म्हणाले.

दोघांची जुंपली ती घंटा होईपर्यंत. धडा बंद करायचं राहिलं. मावशींना घरी बसवायचंही राहिलं. मोठ्या माणसांना वाद मिळाला की दुसरं काही लागत नाही.

मधल्या सुट्टीत मावशींनी हाड तारेने बांधलं. घट्ट, पण उलटं. आत वळायचं टोक बाहेर आलं. आता मला बोटभर शेपटी आहे. दोघांनाही अजून दिसलेली नाही. भांडताना माझ्याकडे बघतो कोण?

तुम्ही कधी आलात तर मला समोरूनच बघा. मागून बघितलंत, तरी ही मुळातली की नंतर आलेली, असं विचारू नका. विचारलंत की चौकशी होईल आणि मावशींचं नाव निघेल.

शेपूट मी सांभाळतो. तोंड तुम्ही सांभाळा.