गुरुदासांच्या गाडीतलं भारनियमन

गुरुदास परुळेकरांची सगळी नोकरी वीज कार्यालयात, तक्रारीच्या टेबलामागे गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी ट्रॅव्हलर घेतली, आतल्या सीटा काढून बिछाना, ओटा आणि मोरी बसवून घेतली, टपावर सोलर आणि बिछान्याखाली ही मोठी बॅटरी. मग बायकोला म्हणाले, "सरला, आता आपण खंयच अडकाचा नाय."

सरलाबाई कुडाळला शाळेत शिकवत. जन्म घंटेच्या तालावर गेलेला. समुद्राकाठी हवं तेव्हा उठावं, हवं ते रांधावं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्या हौसेने गाडीत चढल्या.

पहिला मुक्काम तोंडवलीला, राधाबाईंच्या आवारात. राधाबाई पर्यटकांना खोल्या देत आणि जेवू घालत. गाडी लागली, सरलाबाईंनी घाम पुसत पंख्याचं बटण दाबलं. पंखा हलला नाही.

"अहो, पंखो चलना नाय."

गुरुदासांनी चष्म्यावरून पाहिलं. घरात ते मालवणी बोलत. टेबलामागची त्यांची भाषा निराळी होती, आणि आज ती पहिल्यांदाच घरात आली.

"दुपारच्या वेळेत पंख्याचा पुरवठा बंद राहील. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

सरलाबाई हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की नवरा हसत नाहीये.

दाराशेजारी एक लहानसा पडदा होता. बॅटरी किती टक्के भरलीय ते त्यावर दिसे. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे गुरुदास त्याच्यासमोर बसत. संध्याकाळी एकच दिवा, तोही जेवणापुरता. नळाचा पंप फक्त सकाळी. फ्रीज बंद, आणि बंद असल्यामुळे रिकामा. त्यात काही ठेवलं असतं तर तो चालू करावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी सरलाबाईंनी ताजे बांगडे घेतले, नारळ खवला, मिरच्या भिजवल्या आणि मिक्सर ओट्यावर ठेवला.

"दोन मिंटां लावतंय हां."

"मिक्सर हा अवजड भार आहे," गुरुदास म्हणाले. "त्याला मंजुरी मिळणार नाही."

"अहो, मगे बांगड्यांचा काय करू?"

"तक्रार नोंदवून घेतली आहे."

सरलाबाईंनी मिक्सरचं भांडं उचललं आणि ओसरीवर जाऊन बसल्या. राधाबाईंनी एक शब्द न विचारता वायर लावून दिली. नारळ-मिरचीचं वाटप झालं, कालवण झालं, जेवणं झाली. गुरुदासांनी भाताचा दुसरा ढीग घेताना कालवणाची तारीफ केली, वीज कुठली ते विचारलं नाही.

परत गाडीत शिरताना सरलाबाईंना आत लखलखाट दिसला. गुरुदास खुर्चीत बसले होते, समोर मोबाईल, मोबाईलभोवती गोल दिवा, आणि भर दुपारी बंद असणारा पंखा डोक्यावर भरारत होता. ते व्हिडिओ करत होते. विषय होता, घरगाडीत विजेची काटकसर कशी करावी.

"आणि ह्या खंयच्या भारात बसता?" सरलाबाईंनी विचारलं.

"जनजागृती," गुरुदास म्हणाले. "अत्यावश्यक सेवा."

त्यानंतर सरलाबाई भांडल्या नाहीत. त्यांनी आपला मुक्काम हळूहळू ओसरीवर नेला. आधी मिक्सर गेला, मग फोन चार्जिंगला गेला, मग दुपारच्या झोपेसाठी उशी. राधाबाईंशी त्यांचं मस्त जमलं. गाडी आता फक्त गुरुदास आणि बॅटरी यांची राहिली. बॅटरी काठोकाठ भरली होती. वापर घटल्याचं त्यांनी बायकोला अभिमानाने सांगितलं. बायको घटल्यामुळे वापर घटला, हे त्यांच्या हिशेबात कुठे बसत नव्हतं.

आणि मग एका सकाळी जोराचा वारा सुटला, माडाचं झाप तारेवर कोसळलं आणि अख्ख्या वाडीची वीज गेली.

दुपार व्हायला आली तरी वीज येईना. राधाबाईंची टाकी रिकामी झाली. कोल्हापूरहून आलेल्या कुटुंबाचे फोन एकेक करून मेले. त्यातून जेवणाची वेळ. राधाबाईंचा वाटण वाटायचा दगडी रगडा अंगणात होता खरा, पण त्यात त्यांनी केव्हाच अबोली लावली होती.

"सरला, तुमच्या गाडयेत करंट आसा मां?" राधाबाईंनी विचारलं.

"आसा. पण तो साहेबांकडे आसा," सरलाबाई म्हणाल्या.

निरोप पोचताच गुरुदास उठले. त्यांनी शर्ट बदलला, पेन खिशाला लावलं आणि गाडीच्या दारात आडवं टेबल टाकलं. वाडीतली माणसं फोन घेऊन आली, त्यांना त्यांनी रांगेत उभं केलं. एका माणसाला एकच वस्तू. पुढच्याने मागच्याचा फोन आणायचा नाही. कोल्हापूरच्या बाईंनी दोन फोन पुढे केले तेव्हा गुरुदासांनी त्यातला एक परत ढकलला. निवृत्तीनंतर त्यांचा चेहरा एवढा टवटवीत झालेला सरलाबाईंनी पाहिला नव्हता. त्यांना क्षणभर बरंही वाटलं. माणसाला काय हवं असतं, आणि आपण उगाच त्याला समुद्र दाखवायला बघतो.

मग राधाबाई मिक्सर आणि वाटपाचं पातेलं घेऊन टेबलापाशी पोचल्या.

"जेवणाची सुट्टी आहे," गुरुदास म्हणाले. "दुपारनंतर या."

"भावोजीनू, तुमी ज्या जेवणाची वाट बघतास, तेचाच वाटाप ह्या."

रांगेत कोणीतरी खोकलं. गुरुदासांनी थोडा विचार केला. भूक त्यांनाही लागली होती.

"तो मुद्दा वेगळा. मिक्सर अवजड भारात येतो. नियम सर्वांना समान आहे."

सरलाबाई इतका वेळ रांगेच्या टोकाला उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, टेबल बाजूला सरकवलं आणि राधाबाईंच्या हातातून मिक्सर घेतला.

"सरला, कार्यालयात असं—"

"ह्या कार्यालय न्हय," सरलाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण त्या आवाजाने शाळेत वर्गच्या वर्ग गप्प बसत. "ह्या माझा घर आसा. सरा."

गुरुदास सरले. मिक्सर गरगरला. वाटप अगदी मऊ होईपर्यंत सरलाबाईंनी बटण सोडलं नाही. सगळ्यांची नजर पडद्यावर.

"काका, आकडा हललाच नाही की," कोल्हापूरच्या बाई म्हणाल्या.

"तो उशिरा हलतो," गुरुदास म्हणाले.

"मगे आणि एक घाणो काढूया, हलता काय बघूया," म्हणत सरलाबाईंनी दुसरं भांडं लावलं. आकडा एकाने उतरला. एवढ्याशा एकासाठी आपण उशी घेऊन ओसरीवर राहायला गेलो, या विचाराने त्यांना आधी राग आला आणि मग इतकं हसू आलं की त्यांना ओट्याला धरून उभं राहावं लागलं.

त्या दुपारी गाडीची सगळी दारं उघडी होती. आलेले सगळे फोन लागले, दोन्ही हातांतले. कोणाची तरी आजारी सासू पंख्याखाली येऊन झोपली. फ्रीज सुरू झाला आणि त्यात वाडीतल्या पोरांसाठी पाणी थंड झालं. राधाबाईंच्या टाकीचा पंपही गाडीवरच चालला. जेवणानंतर गुरुदास बाहेर सुरूच्या सावलीत बसून कोल्हापूरकरांना इन्व्हर्टर कसा चालतो ते समजावत राहिले. ऐकणारा मिळाल्यावर त्यांची नाराजी जरा कमी झाली. संध्याकाळी तारा जोडल्या गेल्या, वाडीत दिवे आले, आणि त्याच सुमारास गाडीतला पंखा थांबला. बॅटरी संपली होती. गुरुदास पडद्यापाशी गेले, काळ्या पडद्यावर बोटाने दोनदा टिचकी मारली आणि जेवायला ओसरीवर आले.

दोन दिवस गाडी उन्हात उभी राहिली. मग गुरुदासांनी जाहीर केलं की आता देवबागला निघायचं.

"मी येतंय," सरलाबाई म्हणाल्या, "पण बटणां माझ्याकडे. सगळी."

"तुका त्यातला काय कळता गो?"

"मगे तुमी जावा. माका हंयसर बरा आसा. राधाबाय पापड घालूक घेतली हत, तेंका मदत होयत."

गुरुदास गाडीभोवती दोनदा फिरले. टायर दाबून पाहिले. राधाबाईंनी पापडाचं पीठ खरोखरच बाहेर काढलं, तेव्हा ते परत आले.

"बरा," ते म्हणाले. "बटणां तुझी."

गाडी आचऱ्याच्या बाजारातून बाहेर पडली तेव्हा मागे पंखा फिरत होता, फ्रीजमध्ये सोलकढी गार होत होती आणि सरलाबाई पाय वर घेऊन खिडकीतून खाडी बघत होत्या. गुरुदास सारखे आरशातून मागे बघत होते. शेवटी न राहवून, अगदी घरच्या आवाजात त्यांनी विचारलं, "किती टक्के रवले गो?"

"बघूक नाय," सरलाबाई म्हणाल्या, आणि पंखा एक घर वाढवला.