कानशिलावरचा डाग

मित्रांनो, या खोटारड्या जगात खरं दाखवणारा मी एकटाच उरलो आहे. तेही एका बाजूने. दुसऱ्या बाजूने मी सगळं पाचपट फुगवून दाखवतो.

मी एक जुना हातआरसा आहे. कारखान्यातून निघालो तो थेट नाटकाच्या रंगपटात, एका रंगभूषाकार बाईंच्या पेटीत. सगळे त्यांना मावशी म्हणत. मावशींचा हात फिरला की आजोबांच्या वयाचा नट नवरदेव होऊन उठायचा आणि म्हणायचा, "काय आरसा आहे राव!" श्रेय मावशींचं होतं. मी गप्प बसायचो.

पुढे मावशी घरी बसल्या आणि मी मोरीतल्या खिळ्याला लटकलो. तिथे त्यांच्या गालांवर, हातांवर तपकिरी डाग उमटताना मी पाहिले. मावशींनी लिंबू चोळलं. साल गेली, डाग राहिले. ते वयाचे, उन्हाचे, बापडे निरुपद्रवी. पण कानशिलावरचा एक निराळा होता. कडा वेड्यावाकड्या, मध्ये काळपट, आणि तो पसरत चालला होता. मी पाचपट ओरडून सांगत होतो. मावशी मला उलटा करून ठेवत.

शेवटी लेक त्यांना त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मी पर्समध्ये होतो. बाईंनी दिवा लावला, भिंग धरलं आणि गोंधळल्या. "डाग कुठे आहेत?"

"आई! रंगून आलीस?"

"मग काय, चार लोकांत भुतासारखी येऊ?"

बाईंनी कापूस दिला. मावशींनी मला समोर धरून गाल पुसले, हात पुसले. कानशील तेवढं सोडलं.

"हे साधे आहेत," बाई म्हणाल्या. "क्रीम देते, हळूहळू फिके होतील. उन्हात जाताना सनस्क्रीन लावा. आणखी कुठे?"

मावशींनी माझ्यात पाहिलं. त्यांच्या श्वासाने मी धुरकटलो.

"नाही," त्या म्हणाल्या. बाई उठल्या. दिवा विझला.

"एक आहे. पण बघितलात तर काहीतरी सांगाल."

"सांगणारच. गप्प बसायला तुम्ही मला कशाला गाठलंत?"

मावशींनी कानशील पुसलं. बाईंचं हसू मावळलं. "हा फिका करायचा नाही. आधी तपासायचा."

अहवाल येईपर्यंत घरात माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. डाग वाईट जातीचाच निघाला, पण वेळेत सापडला. बाईंनी तो मुळासकट काढला. बाकीचे पुढे क्रीमने फिकटले. दोन-तीन हट्टी अजून आहेत. मावशी त्यांना "असू देत मेले" म्हणतात.

म्हणून मित्रांनो, नवा डाग वाढला, बदलला, तर लपवण्याआधी किंवा घालवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. धुतलेल्या चेहऱ्याने दाखवा. आणि आमच्यासारख्या म्हाताऱ्या आरशांची काळजी घ्या.

म्हणजे काही फार नको. फक्त पुसताना थुंकी लावू नका.