साहेबाच्या बाजूची खुर्ची

मी एक जुना सागवानी टेबल आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मला एका जागी शांत राहता येत नाही. कोणी कोपर टेकवले की मी डुगडुगतो, कोणी उठले की पुन्हा डुगडुगतो. ही खोड जन्माची नाही. भंडाऱ्याच्या सुताराने मला चांगले भक्कम घडवले होते, चार पाय आणि एक खण. पुढे जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला आणि कचेऱ्यांच्या सामानाची वाटणी सुरू झाली. माझे नाव दोन्ही याद्यांत लागले. सकाळी मी गोंदियाच्या ट्रकमध्ये चढलो, दुपारी उतरलो, दुसऱ्या दिवशी पुन्हा चढलो. त्या ओढाताणीत माझा एक पाय बुडाशी तुटून आखूड झाला आणि शेवटी मला मोहाडीच्या एका कचेरीत आणून टाकले. तेव्हापासून ही चुळबूळ.

मोहाडीत माझ्या खणाच्या बाजूला साहेब बसायचे. साहेब बदलत गेले, शिपाई मात्र एकच होता, मंगरूभाऊ. रोज सकाळी ते आले की उकिडवे बसून माझ्या आखूड पायाखाली कागदाची घडी सरकवायचे, मग मला पुसायचे, मग साहेबाची खुर्ची. त्यानंतर दिवसभर माझ्या डाव्या कोपऱ्याशी उभे. अर्धा तालुका माझ्यासमोर बसून गेला, पण तेवीस वर्षांत मंगरूभाऊ एकदाही बसले नाहीत. बसू नका असे त्यांना कोणी म्हटले नव्हते, आणि बसा असेही कोणी म्हटले नाही. खरे सांगतो, मलाही त्यात कधी काही वावगे वाटले नाही.

ते निवृत्त झाले आणि वर्षभरात मलाही भंगारात काढले. दोन पावसाळे मी कचेरीच्या मागच्या पडवीत, एका फुटक्या कपाटाखाली काढले. मग लिलाव झाला आणि भंडाऱ्यात नवे रेस्टॉरंट काढणाऱ्या रिताताईंनी मला उचलले. जुने फर्निचर आता फॅशनमध्ये आहे म्हणे. त्यांनी मला घासून वर काच बसवली. पायावर पांढऱ्या रंगात काढलेला कचेरीचा सात नंबर त्यांनी हौसेने तसाच ठेवला. पाय दुरुस्त करायचे मात्र कोणाला सुचले नाही.

इथे रविवारी अकरा ते तीन ब्रंच असतो. नाश्ता म्हणावा तर उशीर झालेला, जेवण म्हणावे तर लवकर. अशाच एका रविवारी प्रतिक्षा नावाची मुलगी आईवडिलांना घेऊन आली. दुसऱ्या दिवशी ती पवनीला कृषी अधिकारी म्हणून रुजू होणार होती. त्याआधी एकदा वडिलांनी आपल्यासोबत बसून निवांत चार घास खावेत, एवढाच तिचा हट्ट होता. आई धुरपताबाई ऐसपैस बसल्या, प्रतिक्षा त्यांच्या शेजारी बसली, आणि समोरची, खणाच्या बाजूची खुर्ची तिने वडिलांसाठी ठेवली. वडील म्हणजे आपले मंगरूभाऊ.

मी त्यांना ओळखले, त्यांनी मला अजून ओळखले नव्हते. ते खुर्ची ओढणार तोच मी डुगडुगलो. हाडात मुरलेली सवय, ते लगेच खाली वाकले, कागदी रुमालाची घडी करून माझ्या पायाखाली सरकवली, आणि तो सात नंबर त्यांच्या नाकासमोर आला. उठले ते थेट माझ्या डाव्या कोपऱ्याशी जाऊन उभे राहिले.

मग काय सांगू त्यांची तगमग! बसा म्हटले की हात धुऊन येतो म्हणायचे. हात धुऊन आले की पाण्याचा जग आणायला निघायचे. शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसांचे पेलेही त्यांनी भरून टाकले. रिताताई विचारपूस करायला आल्या तर हे टाचा जुळवून ताठ. तर्री-पोहे आले, पुऱ्या आल्या, पण त्यांच्या बशीला हात लागेना. आपण घरून जेवून निघालो, असेही त्यांनी सांगून पाहिले. सकाळपासून नुसता चहा झालाय, असे म्हणत धुरपताबाईंनी ते उघडे पाडले. प्रतिक्षाचे तोंड उतरत चालले.

"बाबा, माह्यासोबत बसाची लाज वाटते काय तुमाले?"

"नाही वो बेटा," मंगरूभाऊ हळूच म्हणाले. "हा आमच्या हापिसातला टेबल हाय. थे साहेबाची बाजू हाय."

प्रतिक्षा उठली आणि स्वतःच त्या खुर्चीवर जाऊन बसली. आता आईशेजारची जागा मोकळी आहे, तिथे तरी बसा, असे तिने विनवले. मंगरूभाऊंनी खणामागे बसलेल्या आपल्या लेकीकडे पाहिले. त्यांचे डोळे भरून आले आणि ते आणखीच ताठ उभे राहिले.

"उद्यापासून मीबी साहेब," ती म्हणाली. "मंग माह्यासमोरबी असेच उभे राहाल काय?"

"राहीन ना," ते सरळ मनाने म्हणाले. "साहेबासमोर उभंच राहा लागते."

तिला ते फार लागले. मी लाकूड असलो तरी मलाही लागले. तेवीस वर्षे ज्यात मला काही वावगे दिसले नाही, ते त्या क्षणी दिसले आणि माझी मलाच शरम वाटली.

प्रतिक्षा त्या खुर्चीवरून उठली. मग तिने आपली पोह्यांची बशी उचलली, वडिलांच्या शेजारी, माझ्या डाव्या कोपऱ्याशी येऊन उभी राहिली आणि उभ्यानेच खाऊ लागली. लोक माना वळवून बघत होते. ती आपली घास घेत होती.

मंगरूभाऊ कासावीस झाले. स्वतः उभे राहणे त्यांना कधी जड गेले नव्हते. लेकीचे असे उभ्याने खाणे मात्र त्यांना बघवेना.

"बस ना बेटा. अशी उभ्यानं काहून खाऊन राहिली?"

"तुमी बसा, मंग मी बसीन."

ते कधी खुर्चीकडे पाहत, कधी लेकीच्या बशीकडे. शेवटी त्यांनी साहेबाच्या बाजूची ती खुर्ची ओढली, सवयीने दोनदा हाताने पुसली आणि बसले. आधी टोकावर टेकले, मग हळूहळू पाठ टेकली. त्यांचे दोन्ही तळवे माझ्यावर येऊन विसावले. प्रतिक्षा समोर बसली आणि तिने त्यांच्या बशीत पुरी वाढली. त्यांनी ती खाल्ली आणि आणखी एक मागून घेतली.

मित्रांनो, माझ्यासारख्याने खरे तर म्हणावे, मला ओला ठेवू नका, माझा पाय दुरुस्त करा. ते राहू द्या. तुमच्याही घरात कोणीतरी असेल, सगळ्यांचे जेवण होईपर्यंत उभेच असणारे. नुसते बसा म्हटल्याने ते बसायचे नाहीत. तुम्ही आपले ताट उचला आणि त्यांच्याजवळ जाऊन उभे राहा.