चालायच्या खोलीतल्या दांड्या

मित्रांनो, मी लाकडी दांड्यांची एक जुनी जोडी आहे. बारा फूट लांब, कमरेइतकी उंच, लोखंडी पायांवर उभी आणि मधे एक माणूस मावेल एवढी वाट. ज्यांचे पाय चालणं विसरलेले असतात, ते माझ्या मधे उभे राहून पुन्हा चालायला शिकतात. म्हणजे शिकत असत.

मला एका म्हाताऱ्या सुताराने घडवलं. पॉलिश करण्याआधी तो कितीतरी वेळ माझ्यावरून तळहात फिरवत बसला. रुग्णालयाचा माणूस घाई करू लागला, तेव्हा तो म्हणाला, "थांबा जरा. हिला धरणाऱ्याला कुसळ टोचलं तरी हात सोडता येणार नाही. सोडला की पडला." माझ्याबद्दल एवढा विचार पुढे फार थोड्यांनी केला.

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, औषधाच्या खिडकीशेजारी माझी खोली होती. पाटीवर 'फिजिओथेरपी विभाग' असं लिहिलेलं असे, पण लोक तिला 'चालायची खोली' म्हणत. तिथे एक बाई काम करायच्या. रोग्याला हात न लावता त्या त्याच्या शेजारून चालत आणि मोठ्याने पावलं मोजत, म्हणून सगळे त्यांना मोजणीबाई म्हणायचे. अठरा वर्षं मी त्यांचा आवाज ऐकला. घामेजलेले, थरथरणारे, रागाने आवळलेले किती हात माझ्यावरून सरकले असतील, त्याची गणती नाही. सुताराला जमली नसती अशी झिलई त्या हातांनी मला आणली.

सगळ्यांची गोष्ट सांगत नाही. एकाच माणसाची सांगते.

त्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणत. चोवीस वर्षं बस चालवलेला माणूस. एका सकाळी झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. मुलगी त्यांना चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. मोजणीबाईंनी विचारलं, "काका, सगळ्यात आधी काय जमायला हवंय तुम्हाला?"

काकांनी मुलीला पाणी आणायला पिटाळलं. ती दाराबाहेर गेल्यावर अडखळत म्हणाले, "मोरीपर्यंत जायचंय. माझं मी. पोरगी नेते मला, आणि डोळे मिटून घेते बिचारी. मेल्याहून मेल्यासारखं होतं हो."

"पलंगापासून किती पावलं आहे मोरी?"

"पूर्वी सात होती. आता किती, देव जाणे."

"बघू या की," बाई म्हणाल्या.

पहिले दहा दिवस काका नुसते उभे राहिले. मग एक पाऊल पडलं. मग दीड. उजवा पाय फरफटत यायचा आणि काका त्याला अशा शिव्या घालायचे की शेजारच्या औषधाच्या खिडकीतला माणूस कान टवकारायचा. सातव्या आठवड्यात ते या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचले आणि ओरडले, "शेवटचा थांबा! उतरा सगळे!" खोलीतले सगळे हसले. मुलगी मात्र भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

त्याच आठवड्यात रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या कार्यालयातून एक साहेब आले. त्यांच्या हातात टेप होती. त्यांनी खोली मोजली, मला मोजलं आणि बाईंना विचारलं, "महिन्याला किती रुग्ण बरे होतात इथे?"

"तसं सांगता येत नाही साहेब. कुणाला दोन महिने लागतात, कुणाला वर्ष."

"मग कागदावर दाखवायचं काय आम्ही?"

आधी खोली आठवड्यातून पाच दिवसांऐवजी एकच दिवस उघडू लागली. मग दारावर नोटीस लागली, 'सेवांचे सुसूत्रीकरण'. बाई साहेबांना म्हणाल्या, "दोन महिने तरी द्या. तीन माणसं चालण्याच्या अगदी काठावर आली आहेत."

"बंद कुठे करतोय आपण? शहरातल्या मोठ्या रुग्णालयात हलवतोय. तिथे सगळं अद्ययावत आहे."

"दोन बस बदलून जायचं, साहेब. ज्यांना चालताच येत नाही त्यांनी?"

साहेबांना तेवढ्यात फोन आला.

शेवटच्या दिवशी प्रत्येक रोग्याला घरी करायच्या व्यायामाची एक रंगीत पुस्तिका मिळाली. काकांनी ती डाव्या हाताने उलटीपालटी केली. "बाई, ह्या चित्रातल्या माणसाला झालंय काय? माझ्यापेक्षा ठणठणीत दिसतोय." या वेळी कुणी हसलं नाही. बाईंची बदली झाली. जाताना त्यांनी मला ओल्या फडक्याने पुसलं, जणू दुसऱ्या दिवशी कुणी येणारच होतं.

माझ्या खोलीत आता पैसे भरून तपासणीचं पॅकेज घेणाऱ्यांसाठी सोफे आहेत आणि माशांची काचपेटी आहे. मला उचलून बाहेरच्या व्हरांड्यात, मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी मिळते त्या खिडकीपुढे उभं केलं. लोक माझ्या मधे उभे राहतात, पण चालायला नाही, ताटकळायला. कुणी किल्लीने माझ्यावर रेघोट्या ओढतं.

सात महिन्यांनी ड्रायव्हरकाका त्या रांगेत आले. पुन्हा खुर्चीतूनच. मुलगी रांगेत मागे उभ्या असलेल्या एका बाईला सांगत होती, "पुस्तिकेत बघून टेबलाला धरून उभे राहिले. टेबल सरकलं. खुब्याचं हाड मोडलं." काकांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "ही आपलीच ना गं?" म्हणत त्यांनी डावा हात टेकला. उजवा हात डाव्याने उचलून दुसऱ्या दांडीवर ठेवला. तो घसरून पडला. त्यांनी पुन्हा ठेवला आणि उठायला जोर लावला.

"काका, बसून घ्या," रखवालदार म्हणाला. "दांड्यांना लोंबकळू नका, रांगेसाठी आहेत त्या."

काका खाली बसले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "रांगेसाठीच आहेत."

त्यांना मोठ्या रुग्णालयातली अकरा आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. त्यानंतर ते मला दिसले नाहीत.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी म्हणणार नाही. मला वाळवी लागलेली नाही. मी आजही चार माणसांचा भार सहज पेलते. पण ती नोटीस तीन आठवडे दारावर होती. शेकडो लोकांनी ती वाचली. ज्यांचे पाय धड होते ते वाचून आपापल्या कामाला गेले, आणि ज्यांना जाब विचारायचा होता त्यांना साहेबांचा दुसरा मजला चढता येत नव्हता. तुमच्या गावातल्या रुग्णालयाच्या दारावर असा कागद दिसला, तर माझी एवढीच विनंती आहे. वर जा. विचारा. जिना चढता येतोय तोवर.