देवीचा कोंबडा

धाकट्या जावेच्या दारात सरकारी कोंबडा आला त्या दिवसापासून छबूबाईच्या घशाखाली घास उतरेना.

कोंबडा होताही तसाच. तांबडाभडक, उंच, मांड्या भरलेल्या. राहीबाईच्या अंगणात तो आरवला की अख्खी वाडी माना वळवायची. बांगलादेशची लढाई नुकतीच संपली होती. राजूरच्या बाजारात तेव्हा लोक दोनच गोष्टी बोलत, एक त्या लढाईची आणि दुसरी राहीच्या कोंबड्याची, असं निदान छबूबाईला तरी वाटायचं.

खरं म्हणजे तो कोंबडा तिच्याच दारी यायचा होता. जीपमधून आलेले साहेब आधी थोरल्या घरी आले होते. "बाई, तुमचा गावठी कोंबडा द्या, हा सुधारित घ्या. वाडीत हाच एक कोंबडा राहील, म्हणजे पुढची पैदास चांगली होईल," साहेबांनी सांगितलं. पण छबूबाईचा कोंबडा देवीला बोललेला होता. सून अडली होती तेव्हा छबूबाईनं वेशीवरच्या देवीसमोर पदर पसरला होता, बाळबाळंतीण सुखरूप सुटली तर चैत्रात कोंबडा देईन म्हणून. दोघं सुखरूप होती, सुनेच्या माहेरी होती, चैत्रात येणार होती. नवसाचा कोंबडा सरकारला कसा द्यायचा? ती नाही म्हणाली आणि साहेब शेजारच्या दारात गेले. राहीनं आपला एका डोळ्याचा मरतुकडा कोंबडा पुढे केला आणि हा राजा पदरात पाडून घेतला. वाडीतले बाकीचे कोंबडेही काढून टाकले गेले; नवसाचा म्हणून छबूबाईचा तेवढा चैत्रापर्यंत डालग्याखाली झाकून ठेवायची मुभा मिळाली.

जाताना साहेबांनी नियम सांगितले. कोंबडा विकायचा नाही, कापायचा नाही, कोंडून ठेवायचा नाही, कारण तो साऱ्या वाडीच्या कोंबड्यांसाठी. त्याच्या पैदाशीची अंडी विकली तर चालतील, पण अदलाबदल करायची नाही. बाहेरचं कोंबडं रोगराईपायी वाडीत आणायचं नाही. लोकांनी माना डोलावल्या आणि ज्याला जे उमगलं ते त्यानं धरलं. अंडी विकायला चालतात मग बदलायला का नाही, हे कुणालाच कळलं नाही. आणि कोंबड्याला कोंबडा ही अदलाबदल नाही तर काय, असं वाडीतल्या भिमाजीनं विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "ती योजना आहे."

छबूबाईला मात्र नियम चांगले लक्षात राहिले. तिच्या स्वतःच्या कोंबड्या सकाळी खुराड्यातून सुटल्या की थेट राहीच्या अंगणात पळायच्या. माणसं पळत होतीच, आता कोंबड्याही. ती दारात उभी राहून बघायची आणि आतून जळायची.

पौषातल्या एका बाजारी तिनं पाहिलं, राहीनं पाटीतली अंडी एका बाईला दिली आणि बदल्यात सुके बोंबील घेतले. साऱ्या डोंगरपट्टीत बायका असाच बाजार करतात, छबूबाईही तसाच करत आली होती. पण ती तशीच उठली आणि राजूरच्या कचेरीत साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"सायेब, अदलाबदल करायची न्हाई म्हनला हुतात ना? मग आमच्या धाकलीला येगळा कायदा हाय व्हय?"

साहेबही गोंधळले. नियम कोंबड्याच्या अदलाबदलीचा की अंड्यांच्याही, हे त्यांनाच धड सांगता येईना. पण तक्रार तोंडावर आली होती. अंगाशी नको म्हणून दुसऱ्या दिवशी जीप आली आणि राहीचा कोंबडा साहेबांनी काढून घेतला.

"आता तुम्ही घेता का?" त्यांनी छबूबाईला विचारलं. "मात्र तुमचा द्यावा लागेल."

डालग्याखालचा कोंबडा मान तिरपी करून बघत होता. छबूबाईला देवी आठवली, बाळ आठवलं. मग कुडाशी उभी असलेली राही दिसली. छबूबाईनं डालगं उचललं आणि नवसाचा कोंबडा तंगड्यांना धरून जीपच्या ड्रायव्हरच्या हातात दिला. त्यानं तो हातात जोखून पाहिला, तेव्हाच तो संध्याकाळी कुठे शिजणार ते साऱ्यांना कळलं.

नवीन कोंबडं चार दिवस कोंडून ठेवावं, तरच ते घर धरतं, हे छबूबाईला का ठाऊक नव्हतं? अशी कितीतरी कोंबडी तिनं लावून घेतली होती. पण कोंडलेला कोंबडा राहीला दिसणार कसा? जीप वळणाआड गेली न गेली तोच तिनं त्याला अंगणात सोडला, मूठभर तांदूळ उधळले आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

कोंबड्यानं तांदूळ वेचले, आणि दिवेलागणीला तो शांतपणे राहीच्या खुराड्यात जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. तिनं त्याला डालग्याखाली घातला, तर वाडीतल्या रंगुबाईनं आवाज चढवला, "छबे, कोंडायचा न्हाई म्हनलेत! आमच्या कोंबड्यांनी काय करावं?" तिच्यावरच तक्रार जायची वेळ आली. मग रोज संध्याकाळी कोंबडा परत आणायला ती पाटी घेऊन राहीच्या दारात जाऊ लागली.

फाल्गुन सरत आला होता. सुनेचा सांगावा आला, बाळाला घेऊन येते, देवीची तयारी ठेवा. त्या संध्याकाळीही छबूबाई पाटी घेऊन गेली. राहीनं खुराड्यातून कोंबडा काढला.

"आक्का, रोज नेता, रोज यतोय. ऱ्हाऊ द्या की हितंच."

"त्यो माझा हाय," छबूबाई म्हणाली.

"तुमचाच हाय," राही म्हणाली. "देवीचा बी तुमचाच हुता. आता तिला काय देनार?"

राहीच्या आवाजात कुठेही कुत्सितपणा नव्हता. वाडीत दुसरा कोंबडा उरला नव्हता, बाहेरून आणायची बंदी, आणि हातातला कापायचा नाही. देवी कोपेल, बाळावर काही येईल, हे छबूबाईला कळत होतं.

तिनं कोंबडा छातीशी धरला आणि घराकडे वळली. तो तिच्या खांद्यावरून मान लांब करून मागे राहीकडेच बघत होता. आणि देवीची भीती मनात शिरायच्या आधी छबूबाईच्या पोटात पुन्हा तीच जुनी आग पेटली, की हा मेला माझ्या हातात असून बघतो तिच्याकडे.