हुग्गीच्या दुसऱ्या दिवशी

मी पाट बोलतोय. सागवानी, चारी कोपऱ्यांना पितळी फुलं असलेला. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत माझा मुक्काम आहे. बसव्वा लग्न होऊन या घरी आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर मीही आलो. पंगती, बारशी, डोहाळजेवणं सगळी पाहिली. मग घरात टेबल आलं आणि मी दाराआड उभा राहिलो. टेबलावर माझा राग आहे, तो मी लपवत नाही.

लिंगपूजेला मात्र बसव्वांची सून दाक्षायणी मलाच घ्यायची. आंघोळ करून माझ्यावर मांडी घालायची, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवायची. पुढं गुडघे धरले आणि पूजा खुर्चीवर गेली. खुर्चीवर तिचं मन लागेना. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, व्यायाम करा, हळूहळू खाली बसता येईल. एवढ्या आशेवर तिनं जेवण आवरलं. अर्धी भाकरी, उसळ, शेंगाचटणी अगदी चिमूटभर. काही महिन्यांत भिंतीला धरून ती माझ्यावर टेकू लागली, एक पाय लांब करून का होईना. मला कोण आनंद झाला!

मग घरी जंगमांची, म्हणजे लिंगायतांच्या गुरुस्वामींची, पाद्यपूजा झाली. जेवायला हुग्गी, म्हणजे खपली गव्हाची गूळ घातलेली खीर, वर तुपाची धार. ताटातला प्रसाद टाकायचा नाही, ही या घरची रीत. पाहुण्यांनी आग्रह केला, दाक्षायणीला नाही म्हणवेना. तेवढ्यावर भागलं असतं. पण तिची नात अक्षता अर्धी हुग्गी टाकून उठली, तीही हिनं संपवली. मग पाहुण्यांच्या पोरांची. देवाचं अन्न म्हणत एकेक ताट पुसत गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःला शिक्षा केली. कडकडीत उपास, चहासुद्धा नाही. संध्याकाळी हातपाय थरथरायला लागले, तेव्हा कालच्या, दाण्याचं कूट आणि गूळ भरलेल्या शेंगापोळ्यांचा डबा उघडला आणि उभ्या उभ्याच रिकामा केला. मग खुर्चीत बसून रडली.

"आत्याबाई, हा पाट माळ्यावर टाका. मला न्हाय जमायचं."

माळ्याचं नाव ऐकलं आणि मला टेबलाचा रागही आठवेना.

बसव्वा सुनेजवळ येऊन बसल्या. "काल जास्त जेवलीस म्हणून रडतीस व्हय? अगं, आज उपाशी राहिलीस म्हणून पोळ्यांवर पडलीस की."

"वजन वाढलं असंल."

"असंल. एका दिवसात कुटं उतरवायचंय? उद्या रोजच्यासारखं जेव. आन् पोरांच्या ताटातलं गाईपुढं ठेवत जा. गाय बी देवाचीच हाय."

दाक्षायणी रडता रडता हसली.

सकाळी आंघोळ करून ती माझ्याजवळ आली. माळा की जमीन, मला काही कळेना. शेवटी तिनं मला आडवं केलं, भिंत धरली आणि बसली. जरा जड लागली, खोटं कशाला बोलू? मी करकरलो मात्र नाही. पूजा झाल्यावर तिनं अर्धी भाकरी आणि उसळ खाल्ली.

मांडी अजून जमत नाही, एक पाय लांबच असतो. पण ती रोज येते.

तुमच्याही घरी काल कुणाचा खाण्यावरचा ताबा सुटला असेल. त्यांना बोलू नका, उपाशीही ठेवू नका. रोजचं ताट वाढा. आणि त्यांनी कितीही सांगितलं तरी त्यांचा पाट माळ्यावर टाकू नका. माणूस परत बसायला येतं, जरा वेळ लागतो एवढंच.