चार बोटांची ढील

कुंपणाच्या खांबाला आडवा दांडा लावला की 'टक्' असा आवाज आला पाहिजे, हे उत्कर्षाने पहिल्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं होतं. नट नको, बोल्ट नको, वेल्डिंगवाला नको. दांडा खांबाच्या खाचेत सरकवायचा, टक् वाजलं की काम झालं.

बोईसरच्या एमआयडीसीत कमलाकांत राऊत यांचा कारखाना होता. जुनं प्लास्टिक वितळवून त्याचे पाइप आणि क्रेट करायचे. पसारा छोटाच. दोन मशिनं, अकरा माणसं, आणि साच्यांची ड्रॉइंग काढायला डिप्लोमा झालेली सव्वीस वर्षांची उत्कर्षा. मासवणजवळच्या एका पाड्यावरच्या बायकांनी डोंगरउतारावर एकत्र शेती सुरू केली होती आणि त्यांना कुंपण हवं होतं. त्यांची पुढारी ठमी स्वतः कारखान्यात आली होती. पन्नाशीची, काटक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी.

"लाकडाचा खांब वाळवी खाते," ती म्हणाली. "लोखंडाचा लावाया वेल्डिंगवाला लागतो, तो त्याची मशीन घेऊन डोंगर चढत नाय. जाळी लावली, तर डुक्कर खालून थोबाड घालतं नि उचलून आत शिरतं. गेल्या साली आमाला एक रताळं चाखाया मिळालं नाय. आमाला असं कुंपण दे, जे आमी बाया डोक्यावरून नेऊ नि आमच्याच हातानं जोडू."

कमलाकांतनी उत्कर्षाकडे पाहिलं. उत्कर्षा 'हो' म्हणाली. जरा जास्तच पटकन म्हणाली.

महिनाभरात तिने नमुना तयार केला. पोकळ चौकोनी खांब, त्याला नेमक्या मापाच्या खाचा, दांड्याच्या टोकाला प्लास्टिकची लवचिक जिभली. जिभली खाचेत शिरली की आतून अडकायची. कारखान्याच्या फरशीवर तिने घड्याळ लावून सगळ्यांसमोर एक जोड करून दाखवला. आठ सेकंद. मशीनवरचा ऑपरेटर "मॅडम, एक नंबर!" म्हणून ओरडला, आणि कमलाकांतनी सगळ्यांना चहा मागवला.

जानेवारीत टेम्पो मासवणला गेला. रस्ता संपला तिथून बायकांनी खांब आणि दांडे डोक्यावर घेतले आणि हसतखिदळत वर चढवले. तिथवर सगळं छान झालं.

मग खड्डे खणायला सुरुवात झाली. वर हातभर मुरूम, खाली दगड. दगड पहारेला वाट देईल तिथेच खड्डा घ्यायचा. एक खांब दोन बोटं उजवीकडे झुकला, दुसरा पुढे आला, तिसरा खाली उतारावर गेला. उत्कर्षाने पहिला दांडा उचलला, एक टोक बसवलं, दुसरं बसेना. तिने खांब हलवला, तर पहिलं टोक निसटलं. दोन बायकांनी खांब धरून ठेवले, तिसरीने दांडा रेटला. ठमीचा नवरा भिका इतका वेळ बाजूला उकिडवा बसून बघत होता. तो उठला आणि त्याने कुऱ्हाडीची मागची बाजू दांड्यावर हाणली. टक् आवाज आला खरा, पण तो जिभली तुटल्याचा होता.

दुपारपर्यंत दहातले तीन दांडे बसले. त्यातल्या एकाला एक शेळी अंग घासत उभी राहिली, आणि तोही खाली आला.

बायकांनी पडलेले दांडे उचलून एका बाजूला रचले. उत्कर्षाला वाटलं, चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं.

कमलाकांत तिला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघ, फरशीवरचं काम वेगळं, डोंगरावरचं वेगळं. यांचं पीक तयार व्हायच्या आत काहीतरी उभं राहायला हवं. आपण बाहेरून जाड जाळी घेऊन देऊ."

"मला पंधरा दिवस द्या, सर."

"आणि नाही जमलं तर?"

"तर जाळी मी स्वतः डोक्यावरून चढवीन."

कमलाकांत खाली टेम्पोकडे गेले. ठमीने उत्कर्षाला घरी नेलं आणि ओट्यावर बसवून पाण्याचा तांब्या पुढे केला. उत्कर्षा पाणी पिताना कुठेच बघत नव्हती, आणि तरी तिची नजर अंगणाच्या वाटेवर जाऊन थांबली. तिथे दोन जुने लाकडी खांब होते. एक तर चांगलाच कलंडलेला. दोन्हींना तीन तीन भोकं, आणि त्यांतून आडवे सरकवलेले तीन बांबू. बाहेर एक बैल आत यायला बघत होता. त्याने बांबूंना मान लावून रेटा दिला. बांबू खडखड वाजले, थोडे हलले, पुन्हा जागेवर बसले. बैलाने आणखी दोनदा जोर लावला आणि नाद सोडला.

उत्कर्षा उठून तिथे गेली. तिने भोकात हात घातला. बांबू जेमतेम मनगटाएवढा, आणि भोक त्याच्या दुप्पट. बांबूच्या वर चार बोटं मावतील एवढी मोकळी जागा होती.

"भिकाकाका, हे भोक एवढं मोठं का केलं?"

भिका हसला. "मंग काय बांबूएवढं करू? बांबू कुटं सरळ हाय? खांब कुटं सरळ हाय? भोक मोटं ठेवलं का बांबू त्याची जागा तोच धरतो. तू तं सगळं गच्च केलं, पोरी. जरा हललं का मोडलं."

महिनाभर तिने माप अर्ध्या मिलिमीटरपर्यंत आणायला जीव टाकला होता, आणि समोर एवढी मोठी ढील वर्षानुवर्षं बैल अडवत होती. तिने पर्समधून टेप काढला आणि मापं घेऊ लागली. भिकाने एक टोक धरलं.

उत्कर्षाचे वडील पंढरी मूळचे कराडकडचे. तारापूरच्या वीज केंद्रात त्यांनी तीस वर्षं फिटर म्हणून काढली आणि निवृत्त होऊन बोईसरलाच राहिले. लेक उतरल्या तोंडाने घरी येईल असं फोनवरून त्यांना वाटलं होतं. ती आली ती पुठ्ठा, कात्री आणि चिकटपट्टी घेऊनच जमिनीवर बसली.

"अण्णा, भोक मोठं करायचं. दांडा तिरका घालायचा आणि खाली सोडायचा. दांड्याच्या पोटाला खाच, ती भोकाच्या खालच्या काठावर बसेल. खांब वाकडा असला तरी बसेल, चढ असला तरी बसेल."

"आणि निघणार न्हाई?"

"वर उचलल्याशिवाय नाही."

पंढरींनी पुठ्ठा उचलून उलटसुलट केला. मग म्हणाले, "बैल पुढं ढकलतो. डुक्कर काय करतं?"

उत्कर्षाची कात्री थांबली. डुक्कर खालून उचलतं. ठमीने पहिल्या दिवशी तेच सांगितलं होतं.

तीन दिवस ती त्याच एका प्रश्नावर अडली. खाचेला आकडा लावून पाहिला, तो वाकड्या खांबात बसेना. वरून खिळा घालून पाहिला, पण खिळ्याची भोकं जुळायला पुन्हा सगळं सरळच लागत होतं. चौथ्या दिवशी कारखान्यात ऑपरेटरला मशीनखाली लाकडी पाचर ठोकून ते समतल करताना तिने पाहिलं, आणि हातातलं काम टाकून टेबलाकडे धावली. दांडा खाली बसला की त्याच्या डोक्यावर जी चार बोटं जागा उरते, तिच्यात पाचर सरकवायची! जागा कमी असली तर पाचर थोडी आत जाईल, जास्त असली तर जास्त आत जाईल. माप जुळवायचा प्रश्नच नाही. माप पाचरच घेईल. आणि पाचर आहे तोवर दांडा वर उचलणार कसा?

रविवारी कारखान्याच्या अंगणात तिने तीन खांब मुद्दाम वाकडेतिकडे पुरले, दांडे बसवले, पाचरी ठोकल्या. आता डुक्कर हवं होतं. पंढरींनी चप्पल काढली, लेंगा वर खोचला, आणि शहाण्णव किलोचा तो माणूस ओणवा होऊन खालच्या दांड्याखाली खांदा घालून बसला.

"अण्णा, पाठ धरेल!"

"तू गप. मी आता डुक्कर हाय." त्यांनी श्वास घेतला आणि सगळं बळ लावून वर रेटा दिला. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा फुगल्या. दांडा करकरला. पाचर जागची हलली नाही. पंढरी मटकन खाली बसले, धापा टाकत हसायला लागले, आणि कारखान्याचा वॉचमनही हसू आवरेना म्हणून पाठ फिरवून उभा राहिला.

चौदाव्या दिवशी टेम्पो पुन्हा मासवणला गेला. कमलाकांतनी मागच्या बाजूला जाळीची भेंडोळीही टाकली होती. उत्कर्षाने ती पाहिली आणि पाचरींचं पोतं उचलून वर चढू लागली.

वर गेल्यावर पहिले दोन नवे खांब पुरून झाले, तेव्हा तिने एकच केलं. एक दांडा आणि एक पाचर ठमीच्या पुढ्यात ठेवली आणि हात मागे बांधून उभी राहिली. "मावशी, मी काही सांगणार नाही. तुम्हीच लावा."

ठमीने दांडा उचलला, उलटसुलट केला, पोटाखालची खाच बोटाने चाचपली. मग पुरलेल्या खांबाच्या भोकात तो तिरका घातला आणि सोडून दिला. दांडा खाली बसला. वरच्या मोकळ्या जागेकडे तिने पाहिलं, पाचरीकडे पाहिलं, वाकून एक धोंडा उचलला आणि दोन ठोके दिले. मग दांडा दोन्ही हातांनी वर उचलून बघितला. पुढे ढकलला. मागे ओढला.

"इतकंच?" तिने विचारलं.

"इतकंच."

ठमी वळली आणि बाकीच्या बायकांना ओरडून म्हणाली, "अगं या गं! भाकरी थापण्यापरीस सोपं हाय!"

मग जे सुरू झालं ते उत्कर्षा नुसती बघत राहिली. बायकांनी आपसात जोड्या लावून घेतल्या. एकीने दांडा घालायचा, दुसरीने पाचर ठोकायची. चढावर दांडे तिरके बसत होते, ओहोळाच्या कडेला तर जिन्याच्या कठड्यासारखे उतरत होते, आणि तरी बसत होते. खड्डे खणणारे पुरुष मागे पडले. बायका त्यांच्या डोक्यावर येऊन उभ्या राहिल्या, "काय रं, हात चालंनात का?" भिकाने पहार टेकवून घाम पुसला आणि मोठ्याने सांगितलं, "भोकाची अक्कल माझी हाय, मला जरा मान द्या!" कोणी दिला नाही.

कमलाकांत एका खांबापाशी थांबले, दांड्यावर पाय ठेवून उभे राहिले, मग त्यावर चक्क दोनदा नाचले. खाली उतरले आणि ड्रायव्हरला फोन लावला. "ती जाळी उतरवू नको. परत न्यायची आहे."

दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आत शेवटची पाचर ठोकली गेली. ठमीने उत्कर्षाला परत जाऊ दिलं नाही. "आज ऱ्हा. त्यांना येऊ दे."

पहाटे, उजाडायला लागलं तेव्हा त्या दोघी शेतातल्या राखणीच्या उंच माळ्यावर पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. आधी ओहोळाकडून पाचोळा वाजला. मग सात डुकरं एकामागोमाग वर आली. पुढे एक थोराड नर, पाठीवरचे केस उभे. तो नेहमीच्या वाटेने आला आणि कुंपणापाशी थबकला. त्याने वास घेतला. खालच्या दांड्याखाली थोबाड घातलं आणि उचललं.

दांडा करकरला. उत्कर्षाने ठमीचा दंड घट्ट धरला. नर मागे झाला, पुन्हा आला, या वेळी अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून. खांब थरथरला. दांडा तिथेच राहिला. त्याने पुढचा दांडा उचलून पाहिला, त्याच्या पुढचाही पाहिला. मग खाली उकरायला गेला, तर त्याच्या थोबाडाला दगड लागला. तो फुसफुसला, वळला, आणि सगळा कळप त्याच्यामागे कुंपणाला धरून उतरत ओहोळात नाहीसा झाला. आत रताळ्याचे वेल दवाने भिजून जसेच्या तसे पसरलेले होते.

ठमी माळ्यावर उभी राहिली. "जा रं, जा! दुसरं घर बघ!" ती इतक्या जोराने ओरडली की पाड्यावर कुत्री भुंकायला लागली आणि दारं उघडली. उत्कर्षाही उभी राहून ओरडत होती, काय ते तिचं तिलाच कळत नव्हतं. भिका धावत आला, खालच्या दांड्यावर अडकलेले राठ केस त्याने चिमटीत धरून वर केले, आणि जमलेल्या प्रत्येकाला दाखवत सुटला.

फेब्रुवारीत रताळी निघाली तेव्हा मनोरच्या बाजूच्या दोन पाड्यांवरच्या बायका कुंपण बघायला आल्या. कमलाकांतनी त्यांना समजावून सांगायला उत्कर्षाला मुद्दाम पाठवलं होतं. तिने ड्रॉइंगची गुंडाळी उघडली, घसा साफ केला आणि पहिलं वाक्य बोलली, तेवढ्यात ठमी मधे आली.

"तू बस गं बाय. दमून आलीस."

तिने उत्कर्षाच्या हातात भाजलेलं गरम रताळं दिलं, पाहुण्या बायकांना कुंपणापाशी नेलं, एक पाचर ठोकून बाहेर काढली, दांडा उचलून वेगळा केला आणि त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या हातात ठेवला. "लाव," ती म्हणाली. "मी काय सांगणार नाय."

उत्कर्षाने रताळ्याचं साल सोललं. म्हातारीने दांडा उलटा केला, खाच चाचपली, आणि धोंडा शोधायला वाकली.